मोनिकाचं माहेर

१२ जुलै १९९६

प्रबंधाचं दुसरं प्रकरण परत आलं. पहिल्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ, आणि खाली एकच ओळ — "संत का गोत्र पूछने से दर्शन समझ में नहीं आता."

बस. दीड वर्ष घासलं, त्यावर एवढी एक ओळ.

माझ्या गाइडच्या, आनंद सरांच्या खोलीबाहेर उभी राहून राहून पाय मोडले. आत गेले तर मान वर केली नाही त्यांनी. म्हणाले, "लतिका जी, ऑगस्टिन ने क्या सोचा, यह लिखिए. किस घर में पैदा हुआ, इससे किसी को क्या लेना?"

मला लेना आहे, असं तोंडावर म्हणायला हवं होतं. "जी सर" म्हणून परत आले. आता गंगेवरून वारा येतोय, बिजली गेलीय, आणि मला हजार उत्तरं सुचतायत.

१३ जुलै

कुणी ऐकत नाही, निदान कागदाला तरी नीट सांगते.

ऑगस्टिन. रोमन काळातला, चौथ्या शतकातला, ख्रिस्ती धर्माचा सगळ्यात मोठा विचारवंत. पुस्तकं म्हणतात रोमन. चित्रांत गोरापान, निळ्या डोळ्यांचा. पण जन्मला आफ्रिकेत — आज जिथे अल्जीरिया आहे तिथे, थगास्ते नावाच्या लहानशा गावात. बापाचं नाव लॅटिन. आईचं मोनिका. आणि हे नाव लॅटिन नाही, तिथल्या मूळच्या बर्बर लोकांच्या कुठल्याशा देवावरून पडलेलं आहे, असं जाणकार म्हणतात. म्हणजे बाप स्वतःला रोमन म्हणवणारा आणि आईचं माहेर बर्बर. पोरगा लॅटिनमध्ये एवढा तयार झाला की इटलीत जाऊन शिकवायला लागला. आणि तिथले लोक काय करायचे? त्याच्या उच्चारांना हसायचे. त्यानेच लिहून ठेवलंय.

त्या उच्चारांपाशी मी अडकले ते अडकलेच. पुण्याला एका परिसंवादात मी मराठीत बोलले होते. चहाच्या वेळी एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, "किती गोड हिंदी ढंग आहे हो तुमचा." जन्मभर घरात मराठी बोलले, आणि ढंग हिंदी!

यांना प्रकरणाचं सांगितलं. हे रेल्वेत अकौंट्सला, यांचं सगळं उत्तर शिल्लक-बाकीत असतं. "तो मेला सोळाशे वर्षांपूर्वी. तुझं रजिस्ट्रेशन मार्चअखेर मरेल. मग कॉलेजात जन्मभर लेक्चररच राहा. काढून टाक ना ते प्रकरण."

काढून टाक. जसं काही भाजीतलं तमालपत्र आहे.

२ ऑगस्ट

मिशनच्या लायब्ररीत दिवस घालवला. एक पुस्तक म्हणतं, रोमन. दुसरं म्हणतं, फिनिशियन — समुद्रापलीकडून आलेल्या व्यापाऱ्यांचं रक्त. तिसरं म्हणतं, शुद्ध बर्बर. चौथं अमेरिकेतलं, ते म्हणतं, सरळ काळा. प्रत्येकाला तो आपला हवाय, आणि प्रत्येकाने ठासून लिहिलंय. पुरावा म्हणाल तर एका बाईचं नाव, एका माणसाचे उच्चार आणि म्हातारपणी विरोधकाने त्याला आफ्रिकी म्हणून मारलेला टोमणा.

डोकं उठलं. परत येताना भोसले घाटापाशी नाववाल्याने हाक मारली, "आइए, दक्खिनी माता जी, रामघाट छोड़ दें." सात पिढ्या इथे गेल्या, अजून दक्खिनी. इथल्या लोकांनी आम्हां मराठी माणसांना दिलेलं नाव आहे ते, शिवी नाही. पण आज लागलं.

२१ ऑगस्ट

गंगा चढलीय. खालच्या पायऱ्या पाण्यात. सर भेटले नाहीत.

११ सप्टेंबर

सर आज स्वतः घरी आले. एवढ्या पाण्याचिखलातून, माझं तिसरं प्रकरण घेऊन. मला गहिवरून आलं, खरंच. "इधर से गुज़र रहा था," म्हणाले. प्रकरण चांगलं झालंय, असंही म्हणाले. सात वर्षांत पहिल्यांदा.

मी पाणी आणलं, लाडू आणले. हात लावला नाही. "एकादशी है आज."

एकादशी होऊन गेली. आमच्या घरात पंचांगं पाच आहेत! दिवाळीला बोलावलं तरी हेच, यांनी स्टेशनवर चहा पुढे केला तरी हेच. आमच्या हातचं चालत नसेल तर सरळ सांगावं. कॉलेजात प्रमोदिनीला सांगितलं — तिचे यजमान सरांच्याच डिपार्टमेंटात आहेत. ती म्हणाली, "कान्यकुब्ज ब्राह्मण असतील गं. भारी सोवळं असतं त्यांचं. आडनाव लावत नाहीत, नुसतं 'आनंद'. विद्वान लोकांची फॅशन."

म्हणजे ऑगस्टिनचं कूळ काढायचं नाही, आणि स्वतः मात्र कुणाच्या घरचं पाणी घ्यायचं नाही. वा!

२५ नोव्हेंबर

पुण्याची मंडळी आली आणि गेली. त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे बघायला आलो म्हणाली, पण खरी आली होती आमच्या लेकीला, मैत्रेयीला बघायला. मुलगा केयूर, शांत, बरा वाटला. त्याची आई सुरुचीताई. बाई वाईट नाहीत, हेच तर वैताग आणणारं आहे. वाईट असत्या तर भांडता आलं असतं.

"मूळचे कुठले तुम्ही?"

"काशीचे," मी म्हटलं.

"नाही, मूळचे?"

मी पुन्हा "काशीचे" म्हणणार होते, पण यांनी घाईने सांगून टाकलं, "पूर्वज पैठणहून आले, सात पिढ्या झाल्या."

"म्हणजे पैठणचे," सुरुचीताई म्हणाल्या. इतकं हायसं वाटलं त्यांना की काय सांगू.

मग मैत्रेयीने चहा आणला. "चाय गरम आहे, फुंकून प्या." सगळे हसले. प्रेमानेच हसले. "पढाई काय झालीय तुझी?" असं तिच्याच ढंगात सुरुचीताईंनी विचारलं, गमतीने. पोरगी लाल झाली. बँकेची परीक्षा दिलीय, एवढंच बोलली, आणि तेही वाक्य मनात तीनदा घासून पुसून बोलली असावी. जाताना सुरुचीताई माझा हात धरून म्हणाल्या, "पुण्यात राहिली की सुधारेल हो भाषा."

सुधारेल. जसं काही ताप आलाय.

नावेत मैत्रेयी माझ्या शेजारी बसली होती. घाटाघाटावर दिवे. म्हणाली, "आई, त्या लोकांनी माझा एग्ज़ाम घेतला ना?" मला मिलानमधला तो आफ्रिकी मास्तर आठवत होता, तोंड उघडण्याआधी प्रत्येक स्वर तोलून बघणारा.

दुसरं प्रकरण मी काढणार नाही.

१६ डिसेंबर

भांडण झालं. म्हणजे मी भांडले, सर बोलले.

प्रकरण नव्याने लिहून नेलं होतं. त्यांनी पहिलं पान वाचलं, बाकीचं चाळलं, आणि मिटून ठेवलं. "वही है."

मी म्हटलं, "सर, मेरे लिए यह छोटा सवाल नहीं है. सात पीढ़ियों से यहाँ हूँ, फिर भी यहाँ दक्खिनी. पूना जाऊँ तो वहाँ हिंदीवाली. जिससे रोज़ पूछा जाए कि असल में कहाँ के हो, वही समझेगा कि यह आदमी ऐसा क्यों सोचता था."

सरांनी चष्मा काढला, पुसत बसले. मग म्हणाले, "आपसे पूछते हैं, तो आपके पास जवाब है न? पैठण. सात पीढ़ियाँ. गोत्र. आप चिढ़ती हैं, लेकिन जवाब दे देती हैं."

"तो?"

"तो कुछ नहीं. यह प्रकरण रहेगा तो थीसिस मेरे यहाँ से आगे नहीं जाएगी. किसी और को गाइड बना लीजिए."

मार्चअखेर मुदत, आणि डिसेंबरात दुसरा गाइड! कुठून आणू? रामघाटाच्या पायऱ्यांवर उगवतो? रिक्षात बसून रडले. रिक्षावाला म्हणाला, "का भइल, दीदी?" त्याला काय सांगणार — माझे सर मला एका मेलेल्या माणसाची आई लिहू देत नाहीत?

माझ्याकडे उत्तर आहे म्हणे. असेना. त्यांना का टोचतंय ते?

१७ डिसेंबर

हे म्हणाले, पाय धर त्यांचे. मी म्हटलं, तुम्हीच धरा.

१९ जानेवारी १९९७

हात अजून थंड आहेत. क्रमाने लिहायला हवं, नाहीतर मलाच पटणार नाही.

धुकं आठवडाभर हटलेलं नाही, कॉलेजं बंद. कळलं, सर आजारी आहेत, छाती भरलीय, दोन आठवडे युनिव्हर्सिटीत आलेले नाहीत. राग होताच, पण सात वर्षांचा संबंध. शिवाय शेवटचं प्रकरण द्यायचं होतं. नगव्यात त्यांचं घर, कधी बोलावलं नव्हतं त्यांनी, पत्ता शोधत गेले.

दार एका म्हाताऱ्या बाईने उघडलं. गुडघ्यापर्यंत लुगडं, हातांवर गोंदण, पाठ वाकलेली. कामवाली असेल असं वाटलं मला. म्हटलं, "सर हैं?" ती म्हणाली, "सतबरता सूतल हौ. बइठा, बिटिया." सत्यव्रत झोपलाय — त्या सुरात फक्त आईच बोलते.

मला आत बोरसीपाशी, मातीच्या शेगडीपाशी बसवलं. निखारे फुंकले. वाटीत गूळ आणला, लोट्यात पाणी. शेजारी बसली, माझं स्वेटर चाचपून बघितलं, "घर में बिनलू?" विचारलं. मी म्हटलं, हो, घरीच विणलंय. मी त्यांची विद्यार्थिनी आहे म्हटल्यावर खूप हसली. "एतना बड़ बिद्यार्थी!" मीही हसले. इतक्या महिन्यांत कुणाशी एवढं मोकळं बोलले नव्हते.

"घर कहाँ हौ?"

"रामघाट, अम्मा. हम लोग मराठी हैं. यहाँ सब दक्खिनी बोलते हैं."

तिचा चेहरा उजळला. माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, "अरे, त हमहूँ त दक्खिने क हई! महुआरी गाँव, दक्खिन टोला. हमार नाव धनेसरी."

गूळ माझ्या हातात राहिला.

इकडच्या खेड्यांत दक्षिणेची वस्ती कुणाची असते, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ज्यांच्या अंगावरून आलेला वारा गावाला लागू नये, त्या अस्पृश्यांना दक्षिणेला वसवलेलं असतं. तिने ते असं सांगितलं जसं मी कुणाला पैठण सांगेन. मला आपली माणूस समजून सांगितलं.

वर पाहिलं तर दारात सर. शाल गुंडाळलेली, दाढी वाढलेली.

"अम्मा, भीतर जाओ."

ती गोंधळली. आपलं काय चुकलं हे तिला कळलं नाही. उठली, भिंतीला धरून आत गेली.

सर उभेच राहिले. श्वास लागत होता त्यांना. म्हणाले, "लीजिए, आपका दूसरा प्रकरण पूरा हुआ. माँ का मायका मिल गया."

"सर, मैं तो —"

"फ़ुटनोट में डाल दीजिएगा. नाम भी मिल गया, टोला भी."

मला काय करावं सुचेना. हातात गूळ होता, तो तोंडात टाकला. तेवढ्यात ते म्हणाले, "खाकर दिखाने की ज़रूरत नहीं है."

मी दाखवायला खाल्ला नव्हता. पण हे कसं सांगायचं? गूळ तोंडात, गिळवेना, थुंकवेना. प्रकरण बोरसीपाशी ठेवलं आणि निघाले. गल्लीत धुक्यात पुढचं काही दिसत नव्हतं.

२० जानेवारी

मी काय गुन्हा केला? आजारी माणसाला भेटायला गेले. एका म्हातारीने विचारलं कुठली, मी सांगितलं. एवढंच. आणि त्यावर हे असं बोलणं! सात वर्षं ज्याला गुरू मानलं, त्याने मला त्या दाराशी अशी उभी केली जशी मी चोरी करायला आले होते.

दुपारी भांडी लावताना एकदम ती एकादशी आठवली. आमच्याकडचं पाणी चालत नव्हतं असं नाहीच. पुढे कधी जात कळली तर कुणी म्हणू नये, हा आमच्या घरी येऊन, आमच्या भांड्यांत जेवून गेला, आणि आम्हाला सांगितलं नाही, म्हणून. म्हणजे सगळा शहाणपणा, सगळी दूरदृष्टी आमच्या सोवळ्यासाठी. एवढ्या वर्षांत किती घरं, किती एकादश्या.

मग राग कुणावर काढायचा तेही कळेना. कढई घासत बसले.

२८ जानेवारी

यांना काही सांगितलेलं नाही. "बरे आहेत सर," एवढंच.

आज प्रमोदिनी स्टाफरूममध्ये खुर्ची ओढून जवळ बसली. एप्रिलपासून डिपार्टमेंटची हेडशिप सरांकडे येणार, ज्येष्ठतेने. त्यांच्यानंतर तिच्या यजमानांचा नंबर. "यांना वाटतं, हे आनंद काहीतरी लपवतात. एवढ्या वर्षांत ना लग्नाला कुणाला बोलावलं, ना बारशाला. तू जातेस ना त्यांच्याकडे? कुठले गं ते?"

"बनारसचे," मी म्हटलं.

"नाही, मूळचे?"

"मूळचे बनारसचेच."

माझ्याकडे बघत राहिली. मी पेपर तपासायला घेतले. आवाज बरा निघाला होता माझा.

१० फेब्रुवारी

पुण्याहून फोन. त्यांना मैत्रेयी पसंत आहे. फक्त लग्नाआधी चार-सहा महिने तिने पुण्याला आत्याकडे राहावं, म्हणजे "सवय होईल". मी रिसीव्हरवर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "आई, त्यांना सांग, मुझे कुछ ठीक नहीं करवाना." मग थांबून, मराठीत, "मी बिघडलेली नाहीये."

सांगितलं. हे दिवसभर बोलले नाहीत माझ्याशी. जसं काही मी पढवलं होतं तिला.

१७ फेब्रुवारी

दुसरं प्रकरण काढलं. मीच. तीन रात्री विचार केला आणि ठरवलं — कुणाच्या जखमेवर बसून मला लेक्चररची रीडर व्हायचं नाही. पानांचे आकडे बदलले, सूची बदलली, सगळं बांधून नगव्याला घेऊन गेले.

सर आता उठून बसतात. अम्मा दिसल्या नाहीत. आत कुठेतरी खोकल्या.

त्यांनी सूची बघितली. पुन्हा बघितली. "दूसरा कहाँ है?"

"निकाल दिया, सर. आप ठीक कहते थे."

मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. कागद माझ्याकडे असे सरकवले की अर्धे खाली पडले.

"दिसंबर तक तो आप लड़ रही थीं. जनवरी में क्या हुआ? दया आ गई?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. कागद गोळा करता करता म्हटलं — हिंदीत म्हटलं की मराठीत, आठवतही नाही — ठेवलं तर तुमचा अपमान, काढलं तर तुमच्यावर दया. गूळ खाल्ला तर देखावा, नसता खाल्ला तर विटाळ. सर, मी करू तरी काय? तुम्हीच एकदा सांगून टाका, मी तसं करते, मला मार्चअखेर प्रबंध द्यायचाय!

मोठ्याने बोलले होते. आतला खोकला थांबला.

सरांनी खाली उरलेला एक कागद उचलून दिला. मग हसले — पहिल्यांदा पाहिलं त्यांना हसताना, दात फार वाईट आहेत. म्हणाले, "बैठिए."

आणि मग सांगितलं, हळूहळू, खिडकीकडे बघत. बापाचं नाव बुद्धू राम — नावापुढे असा 'राम' लागला की इकडे जात कळते. शाळेत घालताना हेडमास्तर म्हणाले, एवढा हुशार पोरगा, या नावाने कुठे जाणार, आणि रजिस्टरवर 'सत्यव्रत आनंद' लिहून मोकळे झाले. भला माणूस होता, म्हणाले. आरक्षण घेतलं नाही, कारण घ्यायचं तर सांगावं लागतं. मग एक दिवस न सांगितलेला, तसाच दुसरा. बायको लवकर गेली. वडील वारल्यावर आईला शहरात आणलं, तेव्हा तिला सांगितलं, कुणाशी फार बोलू नकोस. "चौदह साल से वह बोलने को तरस रही है. आप आईं, और पाँच मिनट में —"

मी म्हटलं, "मैंने किसी से नहीं कहा."

"जानता हूँ."

मग एकदम मास्तर झाले. "आपका प्रकरण ग़लत है. इसलिए नहीं कि उसमें माँ है. आप साबित करने बैठी हैं कि वह बर्बर था. साबित होगा नहीं. एक नाम से क्या साबित होता है? सवाल दूसरा है. इस आदमी ने अपने बारे में क्या नहीं लिखा? लड़कपन में नाशपाती चुराई, लिखा. औरत रखी, छोड़ी, लिखा. माँ बचपन में छुपकर शराब चखती थी, वह तक लिखा. पर माँ के लोग कौन थे, यह एक बार भी नहीं. क्यों?"

मी पिशवीतून पेन काढलं.

"आपके पास जवाब था, इसलिए आपको यह सवाल नहीं सूझा. अब लिखिए."

जिन्यात अम्मा उभ्या होत्या. माझ्या पदराला बांधावं तसं काहीतरी हातात कोंबलं — गूळ, कागदात. रिक्षात खाल्ला. कुणी बघत नव्हतं.

५ मार्च

लिहितेय. शाळेतल्या पोरीसारखी लिहितेय. काही ठिकाणी सरांना विचारावंसं वाटतं — तुम्ही काय केलं असतं? नाही विचारत. ऑगस्टिनलाच विचारते. तो पानामागून पान बोलतो आणि नेमका तिथे गप्प बसतो.

मैत्रेयी बँकेत पास झाली. पोस्टिंग गाझीपूर. यांनी पेढे आणले, म्हणजे राग गेला.

१४ मार्च

व्हायचं ते झालं. डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डावर कुणीतरी कागद चिकटवला — सरांचं नाव, जात, गावाचं नाव, आणि एक घाणेरडी ओळ, ती इथे लिहिणार नाही. प्रमोदिनी दोन दिवस माझ्याकडे बघत नाहीये, त्यावरून कळायचं ते कळलं.

मी धावत नगव्याला. वाटेत एकच विचार, त्यांना वाटेल मीच.

दारातच म्हणाले, "आपने नहीं कहा. गाँव का नाम ग़लत लिखा है उन्होंने. आपने कहा होता तो महुआरी लिखते." आणि पुन्हा हसले. मला हसू येईना. हा माणूस हसतोय आणि मी उंबऱ्यावर उभी राहून रडतेय, काय म्हणावं याला.

"हेडशिप?"

"वह तो क़ायदे से मिलेगी. चाय पीने कोई मेरे कमरे में नहीं आएगा, बस." मग म्हणाले, "प्रकरण लाई हैं?"

२२ मार्च

प्रकरण परत आलं. लाल रेघ एकही नाही. एके ठिकाणी स्पेलिंग सुधारलंय. परवा होळी, टायपिस्ट गावी जायच्या आत सगळं टाइप व्हायला हवं. तो म्हणतो, मैडम, आप हर साल यही कहती हैं.

२९ मार्च

बांधून आला प्रबंध. पाच प्रती, मरून कापड. गाइडच्या सहीची प्रमाणपत्रं सरांनी घरी ठेवून घेतली होती, ती लिफाफ्यात बंद करून आज पाठवली. सोमवारी द्यायचा. झोप येत नाही, तरी आडवी होते.

३१ मार्च

ऑफिसातल्या बाबूने लिफाफा फोडला, वरचा कागद बघितला, आणि माझ्यासमोर उलटा करून ठेवला. "मैडम, गाइड के दस्तख़त रिकॉर्ड से नहीं मिलते. रिकॉर्ड में सत्यव्रत आनंद है. यहाँ सत्यव्रत राम लिखा है. पाँचों पर. किसने किया यह?"

निळी शाई. सावकाश, सुटं सुटं अक्षर.

म्हटलं, "उन्हीं ने किया है. जमा कीजिए."

तो साहेबांना विचारायला आत गेलाय. मी खिडकीसमोरच्या बाकावर बसून हे लिहितेय. खिडकी बंद होईपर्यंत उठणार नाही.